अंगठ्याचं हाड बाहेर येतं तेव्हा

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, पंजाच्या आतल्या कडेला टेंगूळ आलं की घरच्या घरी निदान होतं: हाड वाढलंय. उपायही तिथेच ठरतो. वाढलेलं हाड घासून टाकायचं, प्रश्न मिटला. निदानही चुकीचं आहे आणि उपायही. बुनियन नावाच्या या विकारात नवं हाड उगवलेलं जवळजवळ नसतंच. जन्मापासून तिथेच असलेलं हाड आपली जागा सोडून सरकलेलं असतं. हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे. गेल्या दीडशे वर्षांत शल्यचिकित्सकांनी या एका सांध्यासाठी शंभराहून अधिक तऱ्हेच्या शस्त्रक्रिया शोधल्या, आणि ज्या ज्या वेळी त्यांनी फक्त टेंगळाकडे पाहिलं, त्या त्या वेळी अनेकांचं टेंगूळ पुन्हा वर आलं.

अंगठ्यात दोन हाडं असतात. त्यांच्या मागे, पंजाच्या आत एक जाड आणि लांब हाड असतं, त्याला पहिलं मेटाटार्सल म्हणतात. त्याचं पुढचं टोक गोल असतं. त्याला अंगठ्याचं हाड येऊन भिडतं आणि सांधा होतो. चवड्यावर उभं राहिलं की शरीराचा बराच भार या सांध्यावर येतो. बुनियनमध्ये दोन गोष्टी जोडीने घडतात. मेटाटार्सल दुसऱ्या पावलाच्या दिशेने झुकतं आणि अंगठा उलट, करंगळीच्या दिशेने कलतो. दोघांमध्ये कोन पडतो, आणि त्या कोनाचं टोक म्हणजे आपल्याला दिसणारं टेंगूळ. त्यावर चप्पल-बूट घासत राहतात, कातडी जाड होते, कातडीखालची पाण्याची पिशवी सुजून लाल होते आणि टेंगूळ आहे त्याहून मोठं दिसतं. डॉक्टरांच्या कागदावर याचं नाव हॅलक्स व्हॅल्गस असं असतं. जर्मन शल्यचिकित्सक कार्ल ह्यूटर यांनी १८७० च्या दशकात ते रूढ केलं.

एकदा कोन पडला की तो आपोआप वाढत जातो, आणि त्यामागचं कारण साधं आहे. अंगठा वाकवणारे आणि उचलणारे स्नायूबंध निरोगी पायात सांध्याच्या मधोमध जातात. अंगठा कलला की ते मध्यावरून सरकतात आणि धनुष्याच्या दोरीसारखे एका बाजूने ताणले जातात. मग प्रत्येक पावलाला ही दोरी अंगठ्याला आणखी थोडी करंगळीकडे खेचते. मेटाटार्सलच्या टोकाखाली, तळव्याच्या बाजूला दोन छोटी हाडं असतात, त्यांना सेसॅमॉइड म्हणतात. एक्स-रेमध्ये ती बाजूला सरकलेली दिसतात. खरं तर ती आपल्या जागी असतात आणि वरचं मेटाटार्सलच त्यांच्यावरून घसरलेलं असतं. शिवाय हाड नुसतं झुकत नाही, स्वतःभोवती थोडं वळतंही. म्हणूनच वाढलेल्या बुनियनमध्ये अंगठ्याचं नख वर बघण्याऐवजी दुसऱ्या पावलाकडे बघू लागतं.

याची झळ शेजारच्या बोटांना लागते. जोडवी घालणाऱ्या बायकांना ते लवकर जाणवतं. अंगठा दुसऱ्या बोटाला रेटू लागला की वर्षानुवर्षं सैल असलेलं जोडवं रुतायला लागतं. पुढे ते बोट मधल्या पेरात वाकतं, वर उचललं जातं, त्याच्या पाठीवर भोवरी येते. अंगठ्याने आपल्या वाट्याचा भार सोडला की तो दुसऱ्या-तिसऱ्या बोटांमागच्या हाडांवर जातो आणि तळव्याला घट्टे पडतात. टेंगूळ मुळीच दुखत नाही, पण चवड्याखाली खडा टोचल्यासारखं होतं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचं मूळ दुखणं पुष्कळदा अंगठ्यात असतं.

आता दोष कोणाचा, पायताणाचा की रक्ताचा? दोन्हींचा. १९५८ साली हाँगकाँगमधल्या लॅम सिम-फूक आणि हॉजसन या डॉक्टरांनी बूट घालणाऱ्या आणि अनवाणी राहणाऱ्या चिनी लोकांच्या पायांची तुलना प्रसिद्ध केली. बूट घालणाऱ्यांत ३३ टक्के लोकांना हा विकार होता, अनवाणी लोकांत १.९ टक्के. याहून बोलका पुरावा इंग्लंडमधल्या थडग्यांतून निघाला. केंब्रिजच्या संशोधकांनी त्या परिसरातल्या मध्ययुगीन दफनभूमींमधले १७७ सांगाडे तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांत अंगठा तिरका झाल्याच्या खुणा होत्या, चौदाव्या आणि पंधराव्या शतकातल्या सांगाड्यांत २७ टक्के. मधल्या काळात काय झालं? लांब निमुळत्या टोकाच्या बुटांची फॅशन आली. ग्रामीण दफनभूमीत हे प्रमाण फक्त ३ टक्के निघालं. मठाच्या आवारात, जिथे धनिक आणि धर्मगुरू पुरले जात, तिथे ४३ टक्के. या बुटांचं वेड एवढं वाढलं की १४६३ मध्ये चौथ्या एडवर्ड राजाला बुटाच्या टोकाची लांबी दोन इंचांवर आणणारा कायदा करावा लागला.

पण अनवाणी लोकांतलं ते १.९ टक्के विसरून चालणार नाही, आणि आयुष्यभर निमुळते बूट घालूनही ज्यांचा अंगठा सरळ राहतो तेही नजरेआड करता येत नाहीत. स्पेनमध्ये ३५० रुग्णांच्या घराण्यांचा माग काढणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० टक्के रुग्णांच्या कुटुंबात आणखी निदान एकाला तरी बुनियन होतं. सैल सांधे, पायाच्या हाडांची ठेवण, सपाट तळवे, हे सगळं आई-वडिलांकडून येतं. बूट त्यावर जोर लावतो. २०१० मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्रित पाहणी झाली, तिच्यानुसार १८ ते ६५ वयोगटात सुमारे २३ टक्के आणि ६५ वर्षांवरच्या लोकांत सुमारे ३६ टक्के लोकांचे अंगठे कमीअधिक तिरके आहेत. बायकांत ३० टक्के, पुरुषांत १३. म्हणजे आईचे पाय असे असतील तर मुलीला शाळेपासूनच टोकाला ऐसपैस असलेले बूट घेऊन देणं, चिमटणाऱ्या बेलींच्या नादी न लागू देणं, एवढं तरी करता येतं. जन्मजात ठेवण बदलत नाही, तिच्यावरचा जोर मात्र कमी होतो.

अंगठ्याच्या मुळाशी होणारं प्रत्येक दुखणं बुनियनचंच असतं असंही नाही. रात्री झोपताना बरा असलेला सांधा पहाटे लालबुंद, गरम आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना इतका दुखत असेल तर ते बहुधा युरिक अॅसिडमुळे होणाऱ्या गाउटचं लक्षण आहे. अंगठा सरळ आहे पण वर उचलताच येत नाही, सांध्याच्या पाठीवर कडक उंचवटा लागतो, तर तो सांध्याच्या झिजेचा वेगळा प्रकार. आमवातात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, बरीच बोटं वेडीवाकडी होऊ शकतात. या तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणून टेंगूळ पाहून स्वतःच नाव ठरवू नये.

शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी जे करून पाहायचं ते पायताणापासून सुरू होतं. कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्या रेघेवर आपली रोजची चप्पल किंवा बूट ठेवा. पावलाची आकृती तळाच्या बाहेर येत असेल तर दुखण्याचं निम्मं कारण हाती लागलं. टोकाला रुंद, मऊ चामड्याचं, कमी टाचेचं पायताण घ्यावं, तेही संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे फुगलेले असताना. टेंगळावर सिलिकॉनची गादी लावता येते, पोटरी ताठ असेल तर तिला ताण देण्याचे व्यायाम असतात, थोडे दिवस वेदनाशामक गोळ्याही चालतात. ऑनलाइन बाजारात अंगठा सरळ करून देतो म्हणणारे पट्टे आणि बोटांमध्ये घालायचे खुंट खंडीभर मिळतात. ते घातल्यावर बरं वाटू शकतं, पण मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड त्यांनी जागेवर येत नाही. फिनलंडमधल्या टॉर्की आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २०९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: शस्त्रक्रिया, बुटात घालायचा खास तळ आणि नुसती वाट पाहणं. सहा महिन्यांनी तळ वापरणाऱ्यांनाही आराम होता, पण वर्षअखेरीस तो उरला नाही. वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती बाकी दोन्ही गटांपेक्षा चांगली होती.

त्याचा अर्थ प्रत्येकाने टेबलावर चढावं असा नाही. त्या चाचणीतले लोक दुखतंय म्हणून आलेले होते. माझं मत या बाबतीत ठाम आहे. टेंगूळ फक्त वाईट दिसतं, उघड्या सँडलमध्ये फोटो बरा येत नाही, एवढ्यासाठी हाड कापून घेऊ नये. पुढे वाढेल म्हणून आत्ताच करून टाकू, हेही पुरेसं कारण नाही. रुंद पायताण घालूनही रोज दुखतंय, चालण्याचं अंतर कमी होत चाललंय, दुसरं बोट वर चढलंय, कातडीला जखमा होताहेत, तेव्हा मात्र उगाच सोसत बसण्यात शहाणपण नाही.

मग पहिला प्रश्न एक्स-रेचा. तो उभ्याने, दोन्ही पायांवर भार देऊन काढायला हवा. आडवं झोपवून काढलेल्या एक्स-रेत हाडं भाराखाली कशी पसरतात ते दिसतच नाही. त्यावर डॉक्टर दोन कोन मोजतात. अंगठा मेटाटार्सलपासून किती कलला, तो पहिला. निरोगी पायात तो साधारण १५ अंशांच्या आत असतो, ४० च्या वर गेला की विकार तीव्र. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधली फट हा दुसरा कोन, तो साधारण ९ अंशांच्या आत हवा. शस्त्रक्रिया कोणती करायची हे मुख्यतः या दुसऱ्या कोनावर ठरतं, टेंगूळ केवढं दिसतं यावर नाही.

हे कळायला शल्यचिकित्सकांना बराच काळ लागला. त्वचारोपणाच्या इतिहासात ज्यांचं नाव आहे ते जिनिव्हाचे झाक-लुई रेव्हर्दँ यांनी १८८१ मध्येच हाडाचा छोटा पाचरीसारखा तुकडा काढून टोक वळवण्याची कल्पना मांडली होती. पण तेव्हा एक्स-रे नव्हता आणि कापलेलं हाड धरून ठेवायला आजच्यासारखे स्क्रूही नव्हते, त्यामुळे सोप्या वाटा धरल्या गेल्या. १९०४ मध्ये अमेरिकी लष्करातले विल्यम केलर यांनी अंगठ्याच्या हाडाचं मागचं टोकच काढून टाकायची पद्धत सांगितली. दुखणं थांबायचं, पण अंगठा आखूड आणि लुळा पडायचा. जमिनीला रेटा देण्याची त्याची ताकद जायची. फारशी हालचाल नसलेल्या वृद्धांसाठी ती पद्धत अजून क्वचित वापरतात. १९२३ मध्ये सिल्व्हर यांनी टेंगूळ तासून सांध्याभोवतीचं आवरण आवळायची रीत मांडली. आपल्या घरातलं निदान नेमकं याच शस्त्रक्रियेची मागणी करतं. हाडं जिथल्या तिथे तिरकी राहिल्याने त्यातून बऱ्याच रुग्णांना विकार पुन्हा व्हायचा. १९२८ मध्ये अर्ल मॅकब्राइड यांनी अंगठ्याला ओढणारा स्नायूबंध सोडवून मेटाटार्सलला शिवला आणि बाहेरच्या बाजूचं सेसॅमॉइड काढून टाकलं. त्यातून काहींचा अंगठा थेट उलट दिशेला, दुसऱ्या पावलाकडे वळला, आणि असा अंगठा बुटात घालणं बुनियनपेक्षा अवघड असतं. स्नायूबंध सोडवण्याचा मॅकब्राइड यांचा विचार टिकला, सेसॅमॉइड काढणं बंद झालं.

आज सौम्य ते मध्यम विकारासाठी जगभर सर्रास केली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे शेव्हरॉन. डेल ऑस्टिन यांनी ती १९६० च्या दशकात सुरू केली. ती जवळून पाहिली की बुनियनची सगळी मेख ध्यानात येते.

रुग्णाला कमरेतून भूल देतात किंवा घोट्याभोवती इंजेक्शनं देऊन पाऊल बधिर करतात. रक्तस्राव कमी राहावा म्हणून पट्टा आवळतात. पंजाच्या आतल्या कडेला काही सेंटिमीटरची चीर घेतात. इथे कातडीखालून अंगठ्याला संवेदना देणारी बारीक नस जाते, तिला अलगद बाजूला धरावं लागतं. ती दुखावली तर अंगठ्याची कड कायमची बधिर राहू शकते. सांध्याचं आवरण उघडून बाहेर आलेल्या कडेचा पातळ पापुद्रा काढतात, पण तो फक्त सपाट जागा मिळवण्यापुरता. खरं काम पुढे आहे. मेटाटार्सलच्या गोल टोकाच्या मध्यावर खूण करून छोट्या विजेच्या करवतीने दोन काप घेतात, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या. दोन्ही मिळून आडव्या पडलेल्या इंग्रजी व्ही अक्षराचा आकार होतो, दोन कापांत सुमारे ६० अंश. पातं तापून हाड जळू नये म्हणून सलाइनची धार सतत चालू असते. टोकाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या प्रामुख्याने तळव्याच्या आणि करंगळीच्या बाजूने येतात, त्या बाजूच्या ऊती गरजेपेक्षा जास्त सोडवल्या तर टोकाचा रक्तपुरवठा तुटून ते मृत होण्याचा धोका असतो. म्हणून हात आखडता ठेवावा लागतो.

आता टोक मोकळं झालेलं असतं. हाताच्या अंगठ्याने दाबून ते करंगळीच्या दिशेने सरकवतात. किती? बहुधा चार ते सहा मिलिमीटर. टोक एक मिलिमीटर सरकलं की दोन मेटाटार्सलमधला कोन साधारण एक अंशाने कमी होतो, असा ढोबळ हिशेब शल्यचिकित्सक धरतात. एवढ्या थोड्या सरकण्याने टोक पुन्हा सेसॅमॉइडवर येतं, स्नायूबंध मध्यावर येतात आणि त्यांची तिरकी ओढ थांबते. मग टायटॅनियमचा बारीक स्क्रू घालून हाड पक्कं करतात, मागे उरलेली पायरी तासतात, सैल पडलेलं आवरण आवळून शिवतात. अंगठा स्वतःच वाकडा असेल तर त्याच्या हाडातूनही पाचर काढतात, ती एकिन यांची १९२५ ची रीत. शेवटी चालत्या एक्स-रे यंत्राखाली, म्हणजे सी-आर्मखाली सगळं तपासून टाके घालतात. तासाभराच्या आसपासचं काम. स्क्रू बहुधा आयुष्यभर आतच राहतो, टोचला तरच काढतात.

फट मोठी असेल तर टोक सरकवून भागत नाही, कारण त्याला सरकायला रुंदीच पुरत नाही. अशा वेळी हाडाच्या मधल्या लांब भागात झेड आकाराचा काप घेतात, त्याला स्कार्फ म्हणतात. लुई बारूक आणि इतरांनी तो १९९० च्या दशकात युरोपात रुजवला. विकार तीव्र असेल किंवा मेटाटार्सलच्या मागचा, पंजाच्या मधला सांधाच ढिला असेल, तर तो सांधा जोडून टाकतात. ही पॉल लॅपिडस यांच्या नावाची शस्त्रक्रिया, १९३४ ची. मध्यंतरी ती मागे पडली होती. हाड स्वतःभोवती वळतं हे उभ्याने काढलेल्या सीटी स्कॅनमुळे स्पष्ट झालं आणि वळलेलं हाड मुळाशीच फिरवून जागी आणता येतं म्हणून ती पुन्हा जोरात आहे. सांध्यातली कूर्चाच झिजून गेली असेल तर अंगठ्याचाच सांधा कायमचा जोडतात. दुखणं जातं, चालणंही चांगलं होतं, पण सांधा वाकत नाही. जमिनीवर उकिडवं बसताना, भारतीय पद्धतीच्या संडासात चवड्यावर जोर देऊन उठताना अंगठा बराच मागे वाकावा लागतो. ज्यांचं रोजचं जगणं असं आहे त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगायला हवं. परदेशी पुस्तकांतल्या सल्ल्यात हा प्रश्न क्वचितच येतो, आपल्याकडे तो रोजचा आहे.

अलीकडे बिनचिरेची म्हणून जाहिरात होणारी पद्धतही हाड कापण्याचीच आहे. तीन-चार बारीक छिद्रांतून दोन मिलिमीटर जाडीचं फिरतं पातं आत घालतात आणि सी-आर्मच्या पडद्यावर बघत हाड कापून स्क्रूने बसवतात. व्रण छोटे राहतात, सुरुवातीचं दुखणं कमी असू शकतं. पण हाड जुळायला लागणारा वेळ कातडीवरच्या चिरेच्या लांबीवर ठरत नाही. शिवाय उघड्यावर न दिसणारं हाड कापायला सराव लागतो. पद्धत कोणती यापेक्षा ती त्या हातांनी किती वेळा केली आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

निकाल कसे असतात? २०१८ मध्ये २२९ अभ्यासांचा, म्हणजे सोळा हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १०.६ टक्के रुग्ण निकालावर नाखूश होते आणि सुमारे ४.९ टक्क्यांत विकार परतला होता. दहातले नऊ समाधानी, ही चांगली गोष्ट आहे. पण दहावा माणूसही खरा आहे. सांधा आखडणं, जंतुसंसर्ग, हाड न जुळणं, बधिरपणा, भार शेजारच्या हाडांवर जाऊन तिथे नवं दुखणं सुरू होणं, यांतलं काहीही होऊ शकतं. नाचणाऱ्या आणि धावणाऱ्या लोकांनी तर फार विचार करावा, कारण सरळ झालेला अंगठा थोडा कमी वाकला तरी त्यांचं काम अडतं.

किशोरवयीन मुलींच्या बाबतीत घाई टाळावी. पहिल्या मेटाटार्सलची वाढ त्याच्या मागच्या टोकाजवळच्या पट्टीतून होते. ती चालू असताना मुळाशी केलेली शस्त्रक्रिया वाढीला धक्का देऊ शकते, आणि लहान वयात विकार परतण्याचं प्रमाणही जास्त असतं. बहुतेक डॉक्टर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात.

महाराष्ट्रात आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगाव्या लागतात. पहिली मधुमेह. साखर आवाक्यात नसेल तर जखम चिघळते, आणि पायाची संवेदना गेली असेल तर स्क्रू हलला तरी दुखत नाही, त्यामुळे बिघाड उशिरा कळतो. म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर, पायाच्या नाडीचा ठोका आणि तळव्याची संवेदना तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी तंबाखू. सिगारेट सोडा म्हटलं की पुष्कळजण सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण ते ओढत नाहीत, पण खिशात चुना-तंबाखू असते. आणि गावाकडच्या कितीतरी बायका दातांना मिश्री लावतात, ते व्यसन आहे असं त्यांना वाटतही नाही. निकोटिन कोणत्याही वाटेने आत गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर लागतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी मिश्री लावत असल्याचं आपण होऊन सांगावं आणि आधी काही आठवडे, नंतर हाड जुळेपर्यंत तरी ती बंद ठेवावी.

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन आठवडे घरात पाय हृदयापेक्षा उंच ठेवून पडून राहणं हेच मुख्य काम. शेव्हरॉन, स्कार्फसारख्या शस्त्रक्रियांनंतर बहुतेकांना कडक सपाट तळाच्या खास बुटात, टाचेवर भार देत संडास-बाथरूमपर्यंत लगेच चालता येतं. लॅपिडसनंतर सहसा जास्त दिवस थांबावं लागतं. ज्यांच्याकडे कमोड नाही त्यांनी कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. अंघोळीला स्टुलावर बसून पाय बाहेर काढावा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. जोडवी शस्त्रक्रियेपूर्वीच काढावीत, कारण सुजलेल्या बोटातून ती निघत नाहीत, आणि सूज उतरेपर्यंत पुन्हा घालू नयेत. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून अंगठा हाताने वरखाली हलवायचा असतो. तो व्यायाम दुखतो म्हणून टाळला तर सरळ झालेला अंगठा ताठ राहतो. हाड जुळायला सहा आठवड्यांच्या आसपास लागतात. उजव्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर तोवर गाडी चालवणं विसरावं, ब्रेक जोरात दाबता येत नाही. सूज सहा महिने, कधी वर्षभर रेंगाळते. महिन्याभरात लग्नकार्य आहे म्हणून शस्त्रक्रिया उरकून घेणाऱ्यांची निराशा ठरलेली. मध्येच पोटरी सुजली, दुखू लागली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पू आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

खर्चाबद्दल एकच सांगते. केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. त्यामुळे दुखणं, चालण्यातली अडचण आणि एक्स-रेतले कोन डॉक्टरांच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावेत आणि विमा कंपनीची मंजुरी आधी मागावी.

तारीख घेण्यापूर्वी उभ्याने काढलेला एक्स-रे घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा: माझे कोन किती आहेत, हाड नेमकं कुठे कापणार, ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षातून किती करता, आणि केली नाही तर काय होईल? उत्तरात फक्त टेंगूळ काढण्याची भाषा ऐकू आली, तर सही करू नका, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.